इंडियानाची जर्सी चालते, कर्नाटकची का नाही?

माझी भाची पंधरा वर्षांची आहे आणि उंची पाच फूट नऊ इंच. बेळगावात शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर बास्केटबॉल खेळते. महिन्यापूर्वी कर्नाटक संघाच्या निवड शिबिरासाठी तिचं नाव आलं आणि आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जी जुंपली, ती अजून शमलेली नाही.

दादा म्हणतो, कोल्हापूरला होस्टेलवर ठेवू, शाळा बदलू, पण खेळेल तर महाराष्ट्राकडून. "एक नोव्हेंबरला मी काळी फीत लावून फेरीत चालायचं आणि पोरीनं छातीवर कर्नाटक लिहून मिरवायचं?" (बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून भांडणारे आमच्याकडचे मराठी लोक एक नोव्हेंबर, कर्नाटकचा स्थापनादिन, काळा दिवस म्हणून पाळतात.) वहिनीची काळजी निराळी. "ताई, उन्हात काळी पडली की ओ पोरगी. त्यात ही उंची. स्थळ कुठनं आणायचं?" आणि काकांनी नेहमीप्रमाणे मला मध्ये ओढलं: "अमेरिकेत बायका हाच खेळ खेळून कोट्यधीश होतात. विचारा हिला."

चौदा वर्षं मी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, इंडियानापोलिसला राहते. इथं बास्केटबॉल म्हणजे कोल्हापूरची कुस्ती समजा. त्यामुळे काकांना उत्तर देणं भाग होतं.

इथल्या महिलांच्या व्यावसायिक लीगचे सामने १९९७ पासून होतात. २०२४ मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीत आमच्या इंडियाना फीव्हर संघानं केटलिन क्लार्कला सगळ्यांत आधी निवडलं. तिचं पहिल्या वर्षाचं मूळ वेतन होतं ७६,५३५ डॉलर. त्याच वर्षी पुरुषांच्या लीगमध्ये पहिला निवडला गेलेला मुलगा एक कोटी डॉलरच्या वर गेला. केटलिन जाहिरातींतून खोऱ्यानं कमावते, ते खरं. पण तेव्हा लीगमध्ये संघ बारा आणि संघात जास्तीत जास्त बारा जणी. म्हणजे एवढ्या मोठ्या देशात जागा दीडशेसुद्धा नव्हत्या, आणि केटलिन त्यातली एकच.

मला भाचीला सांगावीशी वाटते ती टमिका कॅचिंग्ज. जन्मापासून ऐकू कमी येतं. लहानपणी कानाच्या यंत्रावरून आणि बोलण्यावरून मुलं इतकी चिडवायची की तिनं एकदा ते यंत्रच फेकून दिलं. मग ओठ वाचत, नजर चौफेर ठेवत खेळली. फीव्हरनं २००१ मध्ये निवडलं, पण गुडघा दुखावला होता, पहिला हंगाम बाहेर बसून गेला. २००२ ते २०१६ ती याच एका संघाकडून खेळली. २०१२ चं अजिंक्यपद तिच्यामुळे या गावाला मिळालं. ऑलिंपिकची चार सुवर्णपदकं तिच्या नावावर आहेत. आणि एवढं असूनही हिवाळ्यात ती काय करायची? दक्षिण कोरिया, रशिया, पोलंड, तुर्कस्तान, जिथला क्लब पैसे देईल तिथं जाऊन खेळायची. इथला हंगाम उन्हाळ्याचा, तेवढ्यावर भागत नसे. याच लीगमधली ब्रिटनी ग्रायनर २०२२ मध्ये मॉस्कोच्या विमानतळावर पकडली गेली तेव्हा सगळ्यांनी तिच्या सामानातल्या गांजाच्या तेलाची चर्चा केली. पण ती अशीच हिवाळ्याच्या कमाईला तिकडे निघाली होती. सुटायला डिसेंबर उजाडला.

आमच्या खानापूरकडची माणसं गोव्याला जातात, पुण्याला जातात, सणाला परत येतात. त्यांना या बायकांचं आयुष्य मी एका वाक्यात समजावून देऊ शकते. काकांना देता आलं नाही.

  

म्हणून खेळामुळे मिळणाऱ्या रेल्वेतल्या नोकरीला 'शेवटी कारकुनीच ना' म्हणून नाक मुरडणाऱ्यांचा मला राग येतो. भारतीय रेल्वेचा महिला संघ राष्ट्रीय स्पर्धा वर्षानुवर्षं जिंकत आलाय, ते खेळाडूंना नोकरी मिळते म्हणून. रेल्वेचीच गीतू अॅना जोस ऑस्ट्रेलियात क्लबकडून खेळली, २०११ मध्ये इथं अमेरिकेत तीन संघांच्या चाचणीला आली. कुणी घेतलं नाही. पण परत जायला तिला जागा होती. नैर्ऋत्य रेल्वेचं मुख्यालय आपल्या हुबळीला आहे, बेळगावातून सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येतं. वहिनी, स्थळाचं मग बघू.

राहिला दादाचा मुद्दा. माझी मुलगी गेल्या उन्हाळ्यात छातीवर 'इंडियाना' लिहिलेली जर्सी घालून उभी होती. तो फोटो दादानंच त्याच्या स्टेटसला लावला होता. मी ग्रुपवर लिहिलं, "इंडियाना चालतं आणि कर्नाटक चालत नाही?"

त्याचं उत्तर दोन मिनिटांत आलं. "इंडियानानं माझ्या दुकानाची पाटी बदलायला लावली नाही."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. २०२४ च्या कायद्यानं पाटीवर साठ टक्के कन्नड आलं, बाबांनी रंगवून घेतलेली मराठी अक्षरं आकसली. १९५६ पासूनचं हे दुखणं, २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडलेला दावा, हे सगळं मी चौदा वर्षं फोनवरच ऐकतेय. लांबून शहाणपण शिकवायला मला काय जातं?

तरी मी हट्ट सोडला नाही. बेळगावजवळच्या तुरमुरीच्या मलप्रभा जाधवनं २०१८ च्या एशियाडमध्ये कुराशचं (कुस्तीसारख्याच एका खेळाचं) कांस्य आणलं तेव्हा ग्रुपवर पहिला फोटो टाकणारा दादाच होता. 'आपली पोरगी' असं लिहून. पाटीचं भांडण दुकानात लढावं, फेरीत लढावं, कोर्टात लढावं. पंधरा वर्षांच्या मुलीच्या दोन वर्षांवर ते लढू नये. कोल्हापुरात नवी शाळा, नवा प्रशिक्षक, नवं होस्टेल यात तिचे हेच दिवस जातील, आणि हे वय परत येत नाही. शिवाय तिला कुणी काही विचारलेलंच नाही. मी विचारलं तर म्हणाली, "आत्या, शिबिरात लाकडी कोर्ट असणार म्हणे. मी अजून त्यावर खेळलेच नाही."

काल वहिनीचा फोन होता. शिबिराचा फॉर्म आलाय, सगळा कन्नडमध्ये. दादा भरतोय. चिडचिड करत, पण भरतोय, कारण घरात त्याच्याइतकं कन्नड दुसऱ्या कुणाला येत नाही.