मन आधी थकतं हे पूर्ण पटलं नाही

हायकिंगवरच्या एका लेखात म्हटलंय की लांब पल्ल्याच्या हायकिंगमध्ये शरीर नाही तर मन आधी हार मानतं. असेल बुवा, पण माझ्या बाबतीत आधी डाव्या पायाची करंगळी गेली 😄 एका दिवसात ५० किमी चालायचं खूळ डोक्यात घेतलेलं, ३५ पर्यंत मस्त गप्पा मारत गेलो आणि मग मोजा ओला झाल्यासारखा वाटला म्हणून बसून काढला तर फोड फुटून मोजा कातडीला चिकटलेला, आणि खरी गंमत म्हणजे परत बूट घालायला गेलो तर पाय आतच जाईना इतका सुजलेला. दिवसभर चालून पाय सुजतात म्हणून बूट अर्धा-एक नंबर मोठा घ्यायचा असतो, हे नंतर कळलं. लेखात यावर एक ओळ तरी हवी होती राव.

आणि ३५०० किमीची अ‍ॅपलाचियन ट्रेल (अमेरिकेतली डोंगरातली पायवाट) लोक साधारण ५ ते ७ महिन्यांत करतात तिथे जेनिफर फार डेव्हिस या अमेरिकन हायकरने २०११ मध्ये ती ४६ दिवसांत संपवली, म्हणजे रोज ७५ किमी, तेही चढउताराचे! सोबत मदतीला टीम होती हे मान्य, पण चालायचं तर तिलाच होतं ना. आणि माझ्या त्या ३५ किमीनंतर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मी कठडा धरून उलटा उतरत होतो, एवढंच सांगतो.