छत्रीच्या मागे मागे

फ्लॉरेन्सला जायचं ठरलं तेव्हा मी एकच अट घातली: राजाराम महाराजांची छत्री बघायचीच. आमचे कोल्हापूरचे हे छत्रपती १८७० साली विलायतेहून परतताना फ्लॉरेन्समध्ये वारले. वय विशीतलं. आर्नोला मुग्नोने नदी मिळते त्या संगमावर त्यांना अग्नी दिला, आणि पुढे तिथेच छत्री उभी राहिली. टूरवाले फोनवर “होईल की” म्हणाले होते. या ‘होईल की’वर निदान कोल्हापूरच्या माणसाने तरी विश्वास ठेवायला नको होता.

सकाळी बसमधून उतरलो तोच गाइडबाईंनी मिटलेली पिवळी छत्री उंच धरली. हिच्यावरची नजर हलवायची नाही, अशी ताकीद. त्यामुळे मी जे फ्लॉरेन्स पाहिलं त्यात अर्धा वाटा त्या छत्रीचा, उरलेला पुढच्या काकांच्या टकलाचा.

कॅथेड्रलच्या घुमटाला ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही. पॅकेजमध्ये चढणं नाही हे कळताच सगळे मोठ्याने “अरेरे” म्हणाले आणि हळूच खाली टेकले. पलाझ्झो वेक्क्योसमोर सतरा फुटी डेव्हिड. सगळ्यांनी फोटो काढले, काकूंनी नजर जरा वरच ठेवून. फोटो संपल्यावर बाई म्हणाल्या, ही नक्कल. असली पुतळा १८७३ मध्येच इथून हलवलाय, तिकडे तिकीट आहे. तेही पॅकेजमध्ये नव्हतं.

कानातल्या यंत्राची तर निराळीच तऱ्हा. बाई जरा पुढे गेल्या की नुसती खरखर. पाँते वेक्क्यो पुलावर एवढंच ऐकू आलं: “खाटीक... खर्रर्र... १५९३... सोनार.” बायकोने अर्थ लावला की इथे सोनं मटणाच्या भावात मिळतं. खरं म्हणजे पूर्वी पुलावर खाटकांची दुकानं होती. घाणीला कंटाळून तिथल्या ग्रँड ड्यूकने त्यांना हाकललं आणि सोनार बसवले. हा खुलासा होईपर्यंत ही तिसऱ्या दुकानात होती.

दुपारी न राहवून मी टूर मॅनेजरला गाठलं. पोरगा डोंबिवलीचा.

“अरे, माझ्या छत्रीचं काय?”

“काका, बसमध्येच राहिली असेल. संध्याकाळी बघू.”

सगळा इतिहास सांगितल्यावर त्याने मोबाइलवर नकाशा काढला. छत्री शहराच्या पार पश्चिमेला, काशीने बागेच्या शेवटच्या टोकाला. बस तिकडे वळणार नाही. त्याऐवजी पाऊण तास मोकळा, चामड्याच्या बाजारात. कोल्हापूरच्या माणसाला चामडं दाखवायला पाऊण तास!

बाजारातून निघालो आणि पाऊस आला. बाईंनी छत्री उघडली. चौकातल्या झाडून सगळ्यांनी उघडली. आम्ही इमानाने पिवळ्या छत्रीमागे गेलो, ते थेट सांता क्रोचे चर्चमध्ये, गॅलिलिओच्या थडग्यापुढे. छत्री मिटली, तर खाली भलत्याच बाई, आणि सभोवती शांतपणे ऐकणारे तीस कोरियन.

बाहेर आलो. पायऱ्यांवरून बघावं तिथवर छत्र्याच छत्र्या, त्यातल्या निदान दहा पिवळ्या.

“घ्या,” बायको म्हणाली, “सकाळपासून छत्री छत्री करत होतात ना? आता यातली आपली कुठली ते सांगा.”