आवशीची बोटं आणि माझा लेख: 'जुना चाकरमानी' यांना उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया मोठी आहे आणि रागाची आहे, त्यामुळे आभाराच्या दोन ओळी टाकून मोकळं व्हावंसं वाटलं नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की माती, दोरा, कागद, बांबू, रंग अशा कशात तरी नेमाने हात घालणाऱ्या मोठ्या माणसांचं मन हलकं राहतं, आणि मुलांचे हात, लक्ष आणि धीर तयार होतात. त्यावर तुम्ही लिहिलंत की ही पोट भरलेल्यांची भाषा आहे. तुमच्या आईने वेंगुर्ल्याकडे उभा जन्म काथ्या वळला, पावसाआधी लोकांच्या घरांसाठी नारळाच्या झावळ्यांचे झाप विणले, आणि त्यातून तिला मिळाली ती वाकडी बोटं. "माज्या आवशीची बोटां तुमी बगूक व्हयी व्हती," असं तुमचं वाक्य आहे. पुढे तुम्ही म्हणता की संशोधन सगळं गोऱ्यांचं, कार्यशाळा सगळ्या पाचशे रुपयांच्या, आणि नातवाच्या शाळेतलं क्राफ्ट रात्री अकरा वाजता तुमची सून करत बसते. शेवटी विचारलंत, "मग मी रिटायर माणसाने आता काय करायचं, झाप विणू?"

त्या प्रश्नाचं उत्तर देते, पण आधी तुमच्या आईबद्दल.

मी व्यवसायोपचार करते. आजारपणाने किंवा अपघाताने अडलेला हात पुन्हा रोजच्या कामाला लावणं हा माझा धंदा. आई रात्री उठून हात झटकत बसायची, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. न पाहिलेल्या माणसाचं निदान करू नये, पण ही तक्रार आमच्या कानावर फार येते. मनगटात एका अरुंद जागेतून नस जाते. तीच पकड, तेच वळण वर्षानुवर्षं चाललं की तिथे सूज येते, नस दाबली जाते, आणि अंगठ्याला, तर्जनीला, मधल्या बोटाला मुंग्या येतात. रात्री जास्त. हात झटकला की घटकाभर बरं वाटतं. काथ्याचं काम तर हाताची कसोटीच पाहतं. नारळाची सोडणं खाडीच्या पाण्यात महिनोन्‌महिने कुजत घालायची, बाहेर काढून मोगरीने झोडायची, तंतू सोडवायचे, आणि मग तळहातांत घोळवत सुंभ वळायचं. सगळं ओलं, खारट, खरखरीत. मजुरी वळलेल्या मालावर, म्हणजे थांबलं की पैसे थांबले. वर घरी येऊन चूल होतीच. या कामाला कुणी आरोग्यदायी म्हणत असेल तर त्याच्या हातात दिवसभर मोगरी द्यावी.

तरी माझं म्हणणं मी मागे घेत नाही. हाताच्या कामातून मनाला काही मिळणार की नाही, हे काम कुठलं यावर फारसं ठरत नाही. ते कधी थांबायचं, किती करायचं आणि बिघडलं तर काय, हे करणाऱ्याच्या ताब्यात आहे का, यावर बरंचसं ठरतं. तुमच्या आईच्या ताब्यात यातलं काहीच नव्हतं.

हे कुठल्या पुस्तकात बघायला नको, आपल्याकडची गणपतीची शाळाच बघा. लावणी उरकलेली असते, श्रावण लागलेला असतो, घरोघरचे पाट शाळेत येऊन पडलेले असतात. संध्याकाळी वाडीतली माणसं तिथे जाऊन टेकतात. कुणी माती मळतो, कुणी ओल्या ब्रशने मूर्तीच्या पाठीवरचे ओरखडे पुसतो, कुणी नुसताच गजाली मारतो. पोरांना उंदीर मिळतो. उंदीर बिघडला तर मोडून गोळा करायचा आणि पुन्हा वळायचा, कुणी ओरडत नाही. मग रंग आला की पाटाची कड मिळते, लाडू मिळतो. डोळे मात्र मूर्तिकारच आखणार, तिथे कुणाची ढवळाढवळ नाही. दिवसभर चिखलात राबलेली माणसं रात्रीची तिथे का जातात? मजुरी तर कुणी देत नाही.

आता त्याच शाळेत चवथीच्या आदल्या आठवड्यात जा. तीच माती, तोच रंग, तेच हात. मूर्तिकाराचे डोळे तांबारलेले, कंबर धरलेली, दारात तीन जण "आमचो झालो काय?" विचारत उभे, पावसामुळे मूर्ती वाळत नाही म्हणून खाली बल्ब लावलेले. त्याला त्या वेळी विचारून बघा, कलेने मन शांत होतं का हो? ब्रश फेकून मारेल.

सावंतवाडीच्या चितार आळीतही हेच. दशावतारी गंजिफाचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांचा, एक संच म्हणजे १२० पत्ते, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा. हौसेने शिकायला आलेला माणूस एका गोल पत्त्यावर मत्स्य रंगवून आनंदाने घरी जातो. चितारी कारागिराला ऑर्डर पुरी करायची असते, त्याचा मत्स्य झाला की कूर्म, मग वराह, आणि हात थरथरून चालत नाही. सावंतवाडीच्या राजवाड्याने ही कला विसाव्या शतकात पुन्हा उभी केली म्हणून ती आज दिसते तरी. पण तिला जगवणाऱ्याच्या मानेचा हिशेब कुणी ठेवला, हा तुम्ही विचारलात तसलाच प्रश्न आहे, आणि तो रास्त आहे.

तुम्ही लिहिलं नाहीत पण तुमच्या रागामागे आहे असं वाटतं, ते मी लिहिते. कोकणात कुठल्या हाताने काय करायचं हे जातीने आधीच ठरवून दिलेलं होतं. सूप-रोवळी विणणाऱ्याला ती विणल्याबद्दल कुणी कलाकार म्हटलं नाही, अंगणाबाहेर उभं केलं. आज तीच रोवळी पुण्यामुंबईच्या दुकानात दिव्याची शेड होऊन लटकते आणि विणणारी बाई 'क्राफ्ट आर्टिस्ट' होते. गांधीजींच्या वाटेने गेलेल्या अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात मेलेल्या जनावरांची कातडी सोडवण्याचं काम स्वतः अंगावर घेतलं, ते या दुखण्यावरच बोट होतं. माझ्यासारखीने हौसेच्या कामाचे गोडवे गाताना हे विसरू नये, मान्य.

संशोधनाचं थोडक्यात उरकते. गोऱ्यांचं आहे हे खरं, पण म्हणून ते खोटं ठरत नाही, आणि लोक सांगतात तेवढं मोठंही नाही. २०१६ साली अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात ३९ प्रौढांना ४५ मिनिटं माती, रंगीत पेनं, चिकटकाम असं हवं ते करायला दिलं. साधारण तीन चतुर्थांश लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, कमी झालं. चित्रकला येणाऱ्यांत आणि न येणाऱ्यांत फरक पडला नाही, हे मला त्यातलं सगळ्यात कामाचं वाटतं. पण तुलनेला दुसरा गट नव्हता. ४५ मिनिटं पडवीत शांत बसून त्यांचं कॉर्टिसोल तेवढंच उतरलं असतं का, हे त्यावरून कळत नाही. २०२४ साली इंग्लंडमधल्या ७,१८२ लोकांच्या पाहणीत कलाकुसर करणारे लोक आयुष्याबद्दल जास्त समाधानी दिसले. तिथेही, कलाकुसरीने समाधान आलं की समाधानी माणसंच कलाकुसरीकडे वळतात, हे एकाच वेळच्या पाहणीतून सांगता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन हजारांहून जास्त अभ्यास एकत्र पाहिले आणि एकूण कल चांगल्याकडे आहे असं म्हटलं. कल, एवढंच. ज्याची झोप उडाली आहे, जेवण जात नाही, जगणं नकोसं वाटतंय, त्याला विणकामाची सुई देऊन घरी बसवू नये. त्याने डॉक्टरकडे जावं, किंवा १४४१६ या टेली-मानसच्या सरकारी नंबरवर बोलावं. फोन फुकट आहे.

आणि एक गंमत. आमचा व्यवसायोपचार भारतात शिकवायला सुरुवात केली तीही जन्माने गोऱ्याच बाईने, कमलाबाई निंबकरांनी. अमेरिकेत जन्मल्या, लग्नाने निंबकर झाल्या आणि १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी पहिला अभ्यासक्रम काढला. तेव्हापासून आम्ही रोज एक गोष्ट बघतो. अर्धांगाचा झटका आलेल्या माणसाला रबरी चेंडू दाबायला दिला की तो खिडकीबाहेर बघायला लागतो. तोच माणूस आयुष्यभर जाळी दुरुस्त करणारा असेल आणि त्याच्या हातात फाटक्या जाळ्याचा तुकडा दिला, तर चहा निवला तरी त्याचं लक्ष जात नाही. बोटं तीच, स्नायू तेच.

आता नातू. इथे मला जास्त बोलायचंय, कारण तुमच्या सगळ्या तक्रारींत ही सर्वांत खरी आहे.

सून रात्री अकराला करते त्याला मुलाची कलाकुसर म्हणत नाहीत. तो घरचा अभ्यास आहे, सुनेचा. दुकानातून चकचकीत कागद, ग्लिटर, २०१८ च्या बंदीनंतरही कुठून तरी मिळणारा थर्माकोल, आणि मोबाइलवर बघून केलेला तयार किल्ला. सकाळी तो पोराच्या हातात. पोराने त्यात काय केलं? रिक्षात सांभाळून धरला.

सहा वर्षांचं मूल कात्रीने गोल कापायला बसतं तेव्हा एक हात कात्री उघडझाप करतो आणि दुसरा कागद फिरवत राहतो. दोन हात दोन वेगळी कामं करतात आणि डोळा दोघांवर. हे जमलेलं मूल अक्षरही सुखाने काढतं, बटणंही लावतं. माती मळताना तळव्यातले बारीक स्नायू कामाला लागतात, जे स्क्रीनवर बोट सरकवून लागत नाहीत. आणि काहीतरी मनात योजून ते तसं न होणं, चिडणं, पुन्हा करणं, हे सात-आठ वर्षांच्या पोराला दुसरीकडे कुठे मिळतं? गणिताच्या वहीत चुकलं की लाल फुली. उंदीर चुकला की नुसता गोळा.

बक्षिसाचंही बोलायला हवं, कारण आपल्याकडे मूल चित्र काढायला लागलं की घरचे स्पर्धेचा फॉर्म आणतात. १९७३ साली स्टॅनफर्डच्या बालवाडीत तिघा संशोधकांनी, ज्यांना चित्रं काढायला मनापासून आवडतं अशी तीन ते पाच वर्षांची मुलं निवडली. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी लावलेलं प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना ते न सांगता नंतर दिलं, काहींना दिलंच नाही. काही दिवसांनी मोकळ्या वेळात पेनं ठेवून बघितलं, तर बक्षिसाच्या बोलीवर चित्र काढलेली मुलं इतरांच्या मानाने निम्माच वेळ चित्रांपाशी रमली. न सांगता बक्षीस मिळालेल्यांचं काही बिघडलं नव्हतं. म्हणजे शाबासकीने नाही, सौद्याने बिघडलं. आपल्या एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांना माझा विरोध नाही, त्यातून चांगले हात पुढे आलेत. पण दहावीचे वाढीव गुण पदरात पडले की रंगाची पेटी माळ्यावर जाते, असं घरोघर बघते तेव्हा त्या बालवाडीची आठवण येते.

तुमच्या आईचा मालावरचा पैसा आणि नातवाचं प्रशस्तिपत्रक या दोन गोष्टींची बरोबरी मी करत नाहीये. एकीकडे पोटाचा प्रश्न होता. पण काम दुसऱ्याच्या मोजमापावर गेलं की त्यातली स्वतःची गोडी आटते, हे दोन्हीकडे दिसतं.

पाचशे रुपयांच्या कार्यशाळांबद्दल तुमच्याशी वाद नाही. मी कार्यशाळा घेत नाही, किट विकत नाही. ज्या गावात चुडत, म्हणजे नारळाची झावळी, फुकट, शेण फुकट, माती फुकट, आणि चवथीच्या माटवीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधतात त्या फळाफुलांच्या चौकटीला, लागणारी कवंडळं, हरणं, तिरडा डोंगरात उगवतो, तिथे डब्यातल्या किटचे पैसे कशाला? माटवी बांधताना घरात आजोबांपासून पोरापर्यंत सगळे एकाच वेळी कामाला असतात आणि कुणी कुणाला मोबाइल ठेव म्हणत नाही, हे तुम्हीही पाहिलं असेल.

तर आता तुम्ही काय करायचं? झाप विणायची इच्छा असेल तर विणा. लहानपणी आईशेजारी बसून चुडताची पाती उलटसुलट घातली असतीलच, हात विसरत नाहीत. पण गोठ्याचं छप्पर पुरं करायच्या इराद्याने नको. अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं की कोयता बाजूला ठेवायचा, अर्धा झाप अर्धा राहू दे. सकाळी उठल्यावर बोटं अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडलेली राहत असतील, किंवा रात्री तुम्हालाही मुंग्या येत असतील, तर आधी तपासून घ्या, आईसारखं सोसत बसू नका. विणायची इच्छा नसेल, त्यात आईचं दुःखच आठवत असेल, तर मुळीच विणू नका. श्रावणात नातवाला घेऊन वाडीतल्या शाळेत जा आणि त्याला उंदीर मागून द्या. स्वतःही एक घ्या. त्याच्या उंदराचं शेपूट कुठून निघालंय यावर काही बोलू नका, एवढं पथ्य.

आणि सुनेला सांगा, रात्री अकराला झोपायचं. किल्ला वाकडा झाला तर वाकडाच जाऊ दे शाळेत. बाईंनी विचारलं तर वहीत लिहून द्या की हा मुलानेच केलाय.