खुलासा : कॅरम फिजिओथेरपीची जागा घेत नाही

‘लकवा झालेल्याला रोज दोन तास कॅरम खेळवा, फिजिओथेरपी बंद करा’ असा मजकूर नाशिकमधल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतो आहे. फिजिओथेरपी बंद करू नका, आणि दोन तासही नकोत. खेळाने तीच हालचाल कंटाळा न येता पुन्हापुन्हा होते, म्हणून व्यायामाच्या जोडीला तो चांगलाच. सुरुवात १५-२० मिनिटांची, कोपर टेबलावर टेकवून. स्ट्रायकर जमत नसेल तर आधी सोंगट्या उचलून वाटीत टाकायच्या. घरोघरी फसतं ते इथे: माणूस चांगल्या हाताने खेळतो, दुबळा हात मांडीवरच! खांदा दुखला की थांबावं. हात ओढून मुळीच उचलू नये. चालायला नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर फेरी मारायची तर सोबत्याने दुबळ्या बाजूने चालावं. रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चालूच.