घाटात न्यूट्रल टाकायला सांगणारा तो मेसेज आधी डिलीट करा

"पावसाळ्यात कुठल्या रस्त्यावर कुठला ड्राइव्ह मोड" असा एक लांबलचक मेसेज सध्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय, सहा मुद्दे आणि खाली "अनुभवी ड्रायव्हरकडून". मी तो बघून सोडून दिला होता. पण परवा जेवताना बाबा म्हणाले, शनिवारी दिवेआगरला जाताना ताम्हिणी उतरेन तेव्हा इको लावून न्यूट्रल टाकणार, पेट्रोल वाचतं, मेसेजमध्ये आलंय. बाबा ६८ वर्षांचे, गाडी नवी ऑटोमॅटिक, मागे आई आणि माझी दोन मुलं. माझा घासच अडकला. म्हणून हे लिहितेय.

तर हा पहिला मुद्दा, आणि सगळ्यात घातक हाच. इको मोड काय करतो, तर अ‍ॅक्सिलरेटरचा प्रतिसाद मवाळ करतो, वरचा गिअर लवकर टाकतो, काही गाड्यांत एसीही थोडा कमी करतो. न्यूट्रलमध्ये इंजिनचा चाकांशी संबंधच तुटतो, मग इको असला काय नि नसला काय? आणि पेट्रोल वाचतं म्हणाल तर तेही उलटंच आहे. आजच्या इंजेक्शनवाल्या, म्हणजे कॉम्प्युटर मोजून इंधन देतो अशा गाडीत गिअर टाकलेला ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की उतारावर चाकंच इंजिन फिरवतात आणि कॉम्प्युटर इंधन जवळजवळ बंद करून टाकतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून इंधन द्यावंच लागतं. कार्बोरेटरच्या काळात, म्हणजे असा कॉम्प्युटर नसलेल्या जुन्या गाड्यांत, न्यूट्रलने थोडं वाचायचं हे मान्य, बाबांची आधीची गाडी तशीच होती, म्हणूनच त्यांना ते पटलं. पण तेव्हाही ते धोक्याचंच होतं.

कारण उतारावर गाडी धरून ठेवायचं अर्धं काम इंजिन करत असतं. ते काढून घेतलंत की सगळा भार ब्रेकवर. वळणावळणाला ब्रेक दाबत उतरलात की पॅड तापतात, जळका वास येतो, ब्रेक ऑइल उकळायला लागलं की पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. काही लोक तर इंजिनच बंद करतात, मग पॉवर स्टिअरिंग जातं आणि दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकही दगडासारखा घट्ट होतो. पुणेकरांना हे वेगळं सांगायला नको खरं तर. नोव्हेंबर २०२२ मध्ये नवले पुलाजवळ एका मोठ्या ट्रकने एकामागोमाग कितीतरी गाड्या ठोकल्या, तेव्हा ड्रायव्हरने उतारावर इंजिन बंद केलं होतं असं पोलिसांनीच सांगितलं होतं. कात्रजच्या नव्या बोगद्यापासूनचा तो उतार आपण रोज बघतो आणि तरी असले मेसेज पुढे ढकलतो, याचा मला खरंच राग येतो.

ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, इतकं साधं आहे. ऑटोमॅटिक असेल तर लिव्हर मॅन्युअलला, म्हणजे गिअर आपण निवडायच्या जागी, घेऊन दुसरा गिअर, फारच तीव्र असेल तर पहिला.

दुसरा मुद्दा, "फोर बाय फोर असेल तर पावसाळाभर फोर हाय लावूनच ठेवा, ब्रेक लवकर लागतो". फोर हाय म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना देणारा मोड. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात, फोर बाय फोरने गाडी निघते चांगली, थांबत लवकर नाही. थार किंवा जिम्नी असेल तर गाडीसोबत आलेलं मॅन्युअल उघडा, कोरड्या पक्क्या रस्त्यावर फोर हाय वापरू नका असं त्यात स्पष्ट आहे. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं मधलं डिफरन्शियल नसतं, वळताना पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळं अंतर कापायचं असतं ते कापता येत नाही, गाडी अडखळते, टायर घासतात, ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागावर, ताण येतो. आणि पुण्यात पावसाळ्यातही निम्मे दिवस रस्ता कोरडाच असतो. चिखल, वाळू, निसरडा कच्चा रस्ता आला की लावा, डांबरी आली की काढा.

"पावसात स्पोर्ट लावा, ग्रिप वाढते." नाही वाढत. स्पोर्टमध्ये अ‍ॅक्सिलरेटर जास्त तिखट होतो, ओल्या रस्त्यावर चाक उलट पटकन स्लिप होतं. ग्रिप टायर देतो, त्याची नक्षी १.६ मिमीच्या खाली गेली की तो कायद्यानेही बाद.

ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाक स्लिप व्हायला लागलं की ताकद आपोआप कमी करणारी सिस्टीम, बंद करण्याबद्दल मात्र अर्धं खरं आहे, मानावं लागेल. गाडी चिखलात रुतली आणि सिस्टीम सारखी पॉवर कापतेय तर तेवढ्यापुरतं बंद करून बाहेर काढता येते. पण मेसेजमध्ये "पावसात बंद ठेवा" लिहिलंय. पावसातच तर त्याची सगळ्यात जास्त गरज असते!

मड, सॅंड, स्नो (चिखल, वाळू, बर्फ) मोडवाल्यांनी एक लक्षात घ्या, क्रेटा, सोनेटसारख्या गाड्यांत हे मोड असले तरी ताकद पुढच्याच दोन चाकांना जाते. मोड फक्त चाक किती स्लिप होऊ द्यायचं आणि ताकद कशी द्यायची ते बदलतो. मड मोड आहे म्हणून वाहत्या ओढ्यात गाडी घालू नका. आणि मेसेजमधल्या 'इकोने इंजिनमध्ये कार्बन साचतो' वगैरेवर मी वेळ घालवत नाही. घाट चढताना, ओव्हरटेक करताना इको सुस्त वाटतो एवढं खरं, तेव्हा नॉर्मल लावा.

काल संध्याकाळी बाबांना घेऊन बोपदेव घाटात गेले. सासवडकडून कोंढव्याला उतरताना लिव्हर मॅन्युअलला घेऊन दुसऱ्या गिअरमध्ये उतरायला लावलं. खाली आल्यावर म्हणाले, "अगं, मी ब्रेक चार-पाचदाच दाबला असेल." शनिवारी मी शेजारच्या सीटवर बसणार आहे.