भरती करा, पण तो पोलीस बीटवर टिकू द्या

"जादा पोलीस भरले की वस्त्या सुरक्षित होतील" हे पोलीस भरतीवरच्या लेखातलं विधान अर्धंच खरं आहे. भरती हवीच. पण भरलेला माणूस जातो कुठे? गणपतीचा बंदोबस्त, निवडणुका, मोर्चे, मंत्र्यांचे दौरे, आरोपींना कोर्टात नेणं-आणणं. वस्तीच्या वाट्याला उरतं काय? आमच्या भागात पूर्वी एक हवालदार बरीच वर्षं बीटवर, म्हणजे नेमून दिलेल्या वस्तीच्या गस्तीवर, होते. कुठल्या खोलीत म्हातारी एकटी राहते, कुठल्या टपरीमागे रात्री पोरं बसतात, सगळं त्यांना तोंडपाठ. शेजारच्या काकूंना मुलगा दारू पिऊन मारायचा. काकू पोलीस ठाण्याची पायरी कधीच चढल्या नसत्या, पण भाजी आणता आणता चौकीवर थांबून हवालदारांना सांगून आल्या. पुढे हवालदारांची बदली झाली आणि चौकीला कुलूप लागलं. आता ११२ ला फोन केला की गाडी येते, पण दर वेळी माणसं नवी आणि सगळी हकीकत पहिल्यापासून सांगायची.

लेखात भिवंडीचा उल्लेखही नाही, याचं वाईट वाटलं. १९८४ च्या हिंदू-मुस्लिम दंगलीत होरपळलेल्या या गावात नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, पोलीस आणि दोन्ही समाजांचे लोक एकत्र बसू लागले. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. पोलीस आणि लोकांची अशी ओळख एका जागी टिकूनच होते. म्हणून नव्या भरतीतले किती जण बीटला देणार आणि त्यांना बंदोबस्ताला न काढता तिथे किती वर्षं ठेवणार, हे गृहखात्याने आधी जाहीर करावं.