मामांची नेमणूक

लग्नसराईत आमच्या साड्यांच्या दुकानात घोटभर चहा प्यायला फुरसत नसते. नेमक्या त्याच दिवसांत, २१ नोव्हेंबर २०२५ ला, केंद्रानं २९ कामगार कायदे गुंडाळून चार संहिता लागू केल्या. एकोणतीसचे चार झाले, म्हणजे सुटलो, असं मी गादीवरून जाहीरही करून टाकलं. आमचे कन्सल्टंट फोनवर हसले. "शेठ, संहिता आल्या, नियम यायचेत. तोवर जिथं संहितेशी भांडण नाही तिथं जुनेच नियम चालू." म्हणजे सून घरात आली, पण किल्ल्या सासूच्याच कमरेला.

त्याच्या थोडंच आधी राज्यानं शॉप अ‍ॅक्ट, म्हणजे दुकानांचा कायदा, लागू होण्याची मर्यादा दहा कामगारांवरून वीसवर नेली होती. आमचा आकडा दिवाळीत वीसच्या वर आणि संक्रांतीला खाली. म्हटलं, बरंच झालं. पण पीएफचं तसं नाही. तो एकदा लागला की माणसं कमी झाली तरी सुटत नाही.

मग पगारपत्रक. नव्या संहितेप्रमाणे मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून एकूण पगाराच्या निम्म्याच्या खाली नको, म्हणून घरभाडं, प्रवास, कमिशन सगळं उसवून पुन्हा शिवलं. रात्र गेली. सकाळी पोरांचा एकच प्रश्न : "हातात किती पडणार?" पीएफ पूर्वीपासून पगारातल्या १५,००० वरच कापतोय, बारा टक्क्यांनी १,८०० रुपये. म्हणजे हातात तेवढेच. त्यांचा विश्वास बसला नाही. खरं तर माझाही नाही.

नोकरी सोडणाऱ्याचा हिशोब आता दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा. रास्तच आहे. पण आमच्या धंद्यात राजीनामा म्हणजे फोन स्विच ऑफ. पोरगं समोरच्या दुकानात साड्या उलगडताना दिसतं, तेव्हा कळतं. दोन दिवस कधीपासून धरायचे? फोन बंद झाल्यापासून, की ते दिसल्यापासून?

खरी गंमत नेमणूकपत्रांची. प्रत्येकाला लेखी द्यायचं, म्हणून कन्सल्टंटनी पाठवलेला नमुना मी सगळ्यांच्या नावानं छापून घेतला. मामांच्या हातात कागद दिला. मामा वडिलांच्या वेळेपासूनचे. पैठणीची घडी मोडू न देता पदर दाखवायला मला त्यांनीच शिकवलं. त्यांनी चष्मा पुसला आणि गिऱ्हाईक ताटकळत ठेवून सगळं वाचलं.

"कामावर ठेवताय का काढताय?"

"ठेवतोय, मामा."

"मग हे काय? सहा महिने उमेदवारी. काम समाधानकारक वाटलं तर कायम."

नमुन्यातली ती ओळ माझ्या नजरेतून सुटली होती. ती खोडली. रुजू तारीख विचारली, तर म्हणाले, "दसरा." कुठला? ते वडिलांनाच ठाऊक. शेवटी पीएफच्या जुन्या कागदावरची तारीख टाकली.

मामांनी सही केली. खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'वाचले. कळले नाही.'

मी कन्सल्टंटना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "चालेल. पोच मिळाल्याशी कारण."